कडक उन्हातून आंबा घाटात: सोलापुरातून पहिल्यांदा एकट्याने गाडीवर निघताना

सोलापूरकराला ऊन कुणी शिकवायची गरज नाही. पारा ४२ वर गेला तरी आपण भरदुपारी नवी पेठेत जाऊन खरेदी करून येतो. पावसाचं शिक्षण मात्र आपलं कच्चं. वर्षाकाठी साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात आपण गाडी शिकलो. रत्नागिरीत हाच आकडा ३,००० च्या वर जातो. आपल्याकडे वर्षभरात पडतं तेवढं पाणी तिकडे जुलैच्या पंधरा-वीस दिवसांत पडून मोकळं होतं. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही गावं एकाच रस्त्यावर आहेत. राष्ट्रीय महामार्ग १६६: सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. सगळं मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे.

पहिला मोठा एकट्याचा प्रवास करायचा असेल तर लडाख-बिडाख राहू द्या, आधी हा रस्ता करा. ऊन, वारा, वीज, धुकं आणि झड असे पाचही मास्तर इथे भेटतात, आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरवर चहा आणि पंक्चरवाला असतो. शंभर ते दीडशे सीसीची रोजची गाडी पुरते. नवीन गाडी घ्यायची वाट बघत बसलेले माझे दोन मित्र अजून बसलेलेच आहेत.

एकट्याच्या प्रवासात लोक पंक्चरला घाबरतात. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. मागे बसून "बास झालं, आता थांब की" म्हणणारं कुणी नसतं. भिजलेला, दमलेला माणूस स्वतःशी फार छान खोटं बोलतो: अजून वीस किलोमीटर, मग थांबू. म्हणून थांबायचे नियम घरी बसून, अंग कोरडं असताना ठरवायचे आणि कागदावर लिहून टाकीवर पारदर्शक टेपने चिकटवायचे. माझ्या चिठ्ठीवर चार ओळी आहेत. कोरड्यात वेग ७०, ओल्यात ५०, धुक्यात ३०. चार वाजता गाडी बंद. गडगडाट ऐकला की छप्पर. थरथर सुटली किंवा मागचे दोन किलोमीटर आठवेनात, तर पहिल्या टपरीवर. तुमच्या ओळी वेगळ्या असतील. पण चिठ्ठी असू द्या.

महिना आणि दिवस

जुलै पहिल्या खेपेला नको. पंचगंगा चढली की कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ पाण्याखाली जातो. २०१९ आणि २०२१ ला तसं झालं. मे महिन्यात निघणं म्हणजे पाऊस शिकायला जाऊन उन्हाचीच उजळणी. मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवतो. घाट हिरवा असतो, कोकणातला पाऊस सतत कोसळण्याऐवजी सरींवर येतो आणि आपल्याकडे परतीच्या पावसाची तयारी सुरू झालेली असते. फक्त पंचांग बघा. गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि गौरी विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस कोकणातले रस्ते चाकरमान्यांचे असतात. त्यात आपण शिकाऊ म्हणून घुसायचं नाही.

सप्टेंबरला एक खोड आहे, ती आपल्याच जिल्ह्याची. तिकडे पाऊस ओसरतो तेव्हा इकडे दुपारनंतर ढग उभे राहतात. २०२५ च्या सप्टेंबरात तर सीनेला एवढा पूर आला की लांबोटीजवळ पुण्याचा महामार्गच बंद करावा लागला. मंगळवेढ्याला जाताना तुम्ही तिऱ्ह्याला हीच सीना आणि बेगमपूरला भीमा ओलांडणार आहात. उजनीतून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल तर भीमेची पातळी विचारल्याशिवाय निघू नका. सोलापुरात टिपूस नसताना भीमेला पूर येतो, कारण ते पाणी पुण्याकडच्या धरणांचं असतं.

आधी दोन तालमी

पहिली तालीम नळदुर्गपर्यंत जाऊन येण्याची, तीही सगळं सामान बांधून. शंभरेक किलोमीटरमध्ये कळतं की पिशवी कुठे सरकते, पाठ कुठे भरते आणि हेल्मेट कपाळावर कुठे टोचतं. दुसरी विजयपूरला जाऊन येण्याची, दोनशेच्या आसपास, आणि शक्यतो पाऊस असलेल्या दिवशी. घरचे विचारतील, पावसात कशाला? त्यासाठीच तर.

मधल्या एखाद्या ओल्या संध्याकाळी मोकळं मैदान किंवा रिकामा प्लॉटिंगचा रस्ता गाठा. ताशी ३०-४० च्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक एकत्र, हळू दाबत दाबत गाडी थांबवा. दहा वेळा करा. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक मारला की पडतो. पडतो तो झटक्याने मारल्यामुळे. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं, आणि ओल्या रस्त्यावर नुसता मागचा ब्रेक दाबला तर मागचं चाक बाजूला जायला बघतं. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नसेल तर ही तालीम दुप्पट करा.

गाडीची तयारी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आठ दिवस आधी. आदल्या दिवशी कधीच नाही. हे मी पैसे मोजून शिकलो. एकदा शुक्रवारी संध्याकाळी गाडी गॅरेजातून आणली, शनिवारी पहाटे निघालो, आणि सांगोल्याच्या पुढे मागून करकर आवाज. चेन इतकी ओढून ठेवली होती की मी आणि सामान बसल्यावर तिला श्वासच उरला नव्हता. मिरजेत एका मेस्त्रीने ती ढिली करून दिली आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. चेन मधोमध बोटाने वरखाली केली की साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. सर्व्हिसिंगनंतर चार दिवस ऑफिसला चालवा, काही उणं असेल तर गावातच कळेल.

टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, कडेला छोटा बाण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं असेल तर टायर बदला. उन्हाळ्यात तसला टायर निभावून नेतो, पावसात नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, कंपनीने सांगितलेल्या आकड्याएवढीच. पावसात पकड यावी म्हणून हवा कमी करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. डांबरी रस्त्यावर ते उलटं पडतं. खाचांतून पाणी बाहेर फेकायला टायर नीट फुगलेला लागतो.

चाक अलॉयचं आणि ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट, चार-पाच स्ट्रिपा आणि छोटा पंप घेऊन ठेवा. घरी जुन्या टायरवर एकदा भोक पाडून बुजवून बघा. तारांचं चाक म्हणजे बहुधा ट्यूब असते. मग एक जास्तीची ट्यूब बरोबर असावी, कारण आडगावच्या पंक्चरवाल्याकडे तुमच्या मापाची असेलच असं नाही. बाकी पिशवीत एक स्पार्क प्लग, पाना, दोन फ्यूज, काळी चिकटपट्टी, थोडी तार. क्लच केबल जास्तीची घ्या आणि जुन्या केबलच्या शेजारूनच बांधून टाका. तुटली तर फक्त टोकं बदलायची.

मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करून तपासा. हा मुद्दा किरकोळ वाटेल. घाटातल्या धुक्यात मागच्या ट्रकला तुम्ही म्हणजे तेवढा एक लाल ठिपका असता.

पेट्रोलचं एक नवं दुखणं: आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ. टाकीत पाणी शिरलं तर ते दोघं मिळून तळाशी बसतात आणि गाडी अडखळायला लागते. टाकीच्या झाकणाचं रबर नीट आहे ना बघा. कोकणात मुक्कामाला टाकी भरलेली ठेवा आणि भर पावसात उघड्यावर पेट्रोल घेऊ नका.

अंगावर आणि पिशवीत

हेल्मेट पूर्ण तोंडाचं, आयएसआय खुणेचं, काच पारदर्शक. काळी काच सोलापुरात रुबाबदार दिसते, आंबा घाटात तिच्यामुळे भर दुपारी रात्र होते. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने पसरून कोरड्या कापडाने पुसून घ्या. दिवसभर पुरतो.

आता उन्हाबद्दल दोन शब्द, कारण ऊन आपल्याला येतं या भ्रमातच आपण फसतो. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की वेगाने अंगावर येणारा वारा थंडावा देण्याऐवजी अंग तापवतो आणि घाम जाणवायच्या आत सुकवतो. म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून वारा खात जाणारा माणूस जास्त लवकर गळतो. पूर्ण बाह्या, गळ्याला ओला रुमाल, दर थांब्यावर पाणी आणि दिवसातून एक-दोन वेळा ओआरएस. लघवी गडद पिवळी झाली असेल तर तुम्ही कमी प्यायलात.

रेनकोट शर्ट-पँट असा दोन भागांचा घ्या. एकसंध घोंगडीसारखा जो मिळतो तो वाऱ्याने फुगतो आणि टोक चाकाकडे जातं. एक माप मोठा घ्या. नवा रेनकोट अंगात घालून बाथरूमच्या शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहा. घरचे हसतील, पण पाणी मांडीच्या शिवणीतून येतं की गळ्यातून हे तिथेच कळतं. पँट बुटांवरून चढवताना बुटाला प्लास्टिकची पिशवी घातली की सटकन जाते. आणि रेनकोट घालायचा तो समोरचा रस्ता पांढुरका दिसायला लागला की, पहिला थेंब पडायची वाट न बघता. ओल्या कपड्यांवर चढवलेला रेनकोट ओलावा आत कोंडून ठेवतो.

सामानाच्या बॅगेवर कंपनीने वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी आत प्लास्टिकची जाड पिशवी घाला. खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक धुऊन वाळवलेलं असेल तर त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर.

एक कबुली. पहिल्या खेपेला मी मोठ्या अभिमानाने आपला सोलापुरी टर्किश टॉवेल नेला. रत्नागिरीत तो तीन दिवस वाळला नाही, आणि परतताना बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना त्याचा वास. पातळ पंचा न्या. चादर तर नकोच. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या: दमट हवेत भाकरी थोडी नरमते एवढंच, आणि हॉटेल न मिळालेल्या दुपारी त्याची किंमत कळते.

लायसन, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात. तरी एक झेरॉक्स संच झिपच्या पिशवीत ठेवा, कारण पावसात फोनची काच बोटाला दाद देत नाही. त्याच कारणासाठी गावांची नावं आणि अंतरं मोठ्या अक्षरांत त्या टाकीवरच्या चिठ्ठीखाली लिहा. रोख पैसे दोन ठिकाणी. रक्तगट आणि घरचा नंबर हेल्मेटच्या आत चिकटवा. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३.

देगाव ते मिरज

पहाटे साडेपाचला देगावच्या बाजूने बाहेर पडा. सगळ्या प्रवासात पाळायचं एकच वेळापत्रक असेल तर ते हे: मिरजेच्या अलीकडचा पट्टा दुपारच्या आत पार करायचा. आपल्याकडचे सप्टेंबरचे ढग ऊन खाऊन दुपारनंतर वाढतात. सकाळी ते कुठेच नसतात.

सूर्य पाठीमागे असतो, रस्ता झगझगीत दिसतो आणि फार बरं वाटतं. पण समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तोच सूर्य असतो. तुम्हाला तो स्पष्ट दिसतो, म्हणून त्यालाही तुम्ही दिसत असाल असं धरू नका. दुभाजकाच्या प्रत्येक फटीशी वेग कमी. उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर हा आपल्या भागात अपवाद नाही. कारखाने सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे निघत असाल, तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि मागे दिवा नाही, हे गृहीतच धरा.

कामती, बेगमपूर, माचणूर. भीमेचा पूल ओलांडला की माचणूरला पहिला थांबा घ्या. घाटावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, दहा मिनिटं पाय मोकळे करा. घरी फोन करा. ठरलेल्या चार ठिकाणांहूनच फोन करायचा असं घरच्यांशी आधी ठरवलेलं असलं की मधे फोन लागला नाही म्हणून कुणी घाबरत नाही, आणि ठरलेला फोन आला नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यांना कळतं.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, आणि ज्वारी पिकते त्या काळ्या मातीबद्दल थोडं जास्त लिहिणं भाग आहे. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती डांबरावर येते. कोरडी असताना नुसती धूळ. त्यावर दोन थेंब पडले की साबण. पाऊस सुरू झाल्यानंतरची पहिली वीस-तीस मिनिटं सगळ्यात वाईट, कारण धूळ, तेल आणि माती यांचा लेप तयार झालेला असतो पण धुऊन गेलेला नसतो. तेव्हा चहा प्या. जोराची सर पडून गेली की तोच रस्ता पुष्कळ बरा होतो. आणि काहीही झालं तरी ओल्या काळ्या मातीत साइडपट्टीवर गाडी उतरवू नका. ती चाकाला गुंडाळत जाते, मडगार्डमध्ये भरते आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मी एकदा फोन घ्यायला उतरवली होती. पंधरा मिनिटं काडीने माती उकरत बसलो.

सांगोल्यानंतर माळ उघडा पडतो. मेंढरांचे कळप रस्ता ओलांडत असतील तर हॉर्न वाजवू नका, बिथरतात. गाडी बंद करून धनगरदादाकडे बघून थांबा, तो वाट करून देतो. जुनोनी, नागजच्या पुढे डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या दिसायला लागतात. त्या उगाच तिथे उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा इथे समोरून किंवा तिरका येतो. हँडल घट्ट धरून वाऱ्याशी झगडलं की गाडी जास्त डुलते. टाकी गुडघ्यांनी धरा, हात सैल ठेवा, अंग थोडं खाली घ्या, एक गिअर खाली. ट्रक तुमच्या बाजूने जाताना वारा क्षणभर अडतो, गाडी ट्रककडे ओढल्यासारखी होते आणि तो पुढे गेला की धक्का बसतो. हे होणार हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. ॲव्हरेज मात्र पडतं. जुनोनीजवळ टपरीवरचे मामा मला म्हणाले होते, "वाऱ्यासंगं भांडाय जाऊ नगं, पेट्रोल संपंल." खरं आहे; या टप्प्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

वीज

वरच्या सगळ्या गोष्टींत चूक झाली तर खरचटतं. इथे चूक चालत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर पक्कं छप्पर गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसा. टायर रबरी आहेत म्हणून गाडीवर आपण सुरक्षित, ही समजूत खोटी. झाडाखाली थांबणं त्याहून वाईट. उघड्या माळावर एकटं बाभळीचं झाड आणि त्याखाली ओळीने उभे मोटरसायकलवाले हे दृश्य दर पावसाळ्यात दिसतं, आणि मला दर वेळी ओरडावंसं वाटतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूच्या विजांचा इशारा देतं. याच संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचे प्रयोग सोलापुरातून केले होते, कारण आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलोय. आदल्या रात्री हवामान खात्याचे जिल्हावार इशारे बघा: सोलापूर, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, चारही. कोल्हापूर किंवा रत्नागिरीला नारिंगी असेल तर मी एक दिवस पुढे ढकलतो, लाल असेल तर बॅग सोडून ठेवतो.

कोल्हापूरचा मुक्काम

सव्वादोनशेच्या वर किलोमीटर झालेले असतात. गाडी अजून पळेल, तुम्हालाही वाटेल की दीड वाजलाय, रत्नागिरी एकशे तीस तर राहिलंय. थांबा. जेवून झोपा. संध्याकाळी चेनला तेल, टायरवर नजर, आणि पंचगंगेची पातळी विचारा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतं.

आंबा घाट

सकाळी सातच्या सुमाराला निघा. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करत रस्ता हळूहळू चढतो आणि आंबा गावात पोचेपर्यंत हवा ओली आणि गार झालेली असते. इथे थांबायचं. चहा घ्या, काच पुसा, कोरडे हातमोजे चढवा आणि खाली उतरून येणाऱ्या, म्हणजे खरं तर चढून आलेल्या, एखाद्या ड्रायव्हरला विचारा: "दादा, खाली धुकं किती? दरड-बिरड?" त्या एका प्रश्नाची सर कुठल्याच ॲपला नाही.

कोल्हापूरकडून जाताना खरा घाट म्हणजे उतार. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा. इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक राखून ठेवा. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्या. वळणात गाडी कललेली असताना ब्रेक दाबायची वेळ आली तर आधीच चुकलेलं असतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी फटी आणि ओल्या पानांचा सडा, तिन्हीवर गाडी सरळ ठेवा. कडेला शेवाळ असतं. चौपदरीकरणाचं काम सुरू असेल तिथे डांबर संपून अचानक चिखल लागतो.

धुक्यात दिवा लो बीमवर. हाय बीम लावला की उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. डावीकडची पांढरी रेघ धरून चाला, समोरच्या गाडीचा लाल दिवा धरून नाही, नाहीतर तो जिथे चुकेल तिथे तुम्हीही चुकाल. काच वाफाळली तर किंचित उघडा. अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्यावर थांबू नका, आणि कड्याखालीही नको. दगड वरून येतात तेव्हा हॉर्न देत नाहीत. रुंद मोकळी जागा मिळेपर्यंत तीसच्या खाली चालत राहा, तिथे गाडी पूर्ण बाहेर काढा. धबधब्याशी फोटोसाठी गर्दी असते. पोरं बघता बघता रस्त्यात येतात.

इथे आपल्या सोलापूरकरांची एक गफलत होते. वीस-बावीस अंश तापमान ऐकून आपण म्हणतो, वा, एसी. पण भिजलेलं अंग आणि पन्नासचा वारा असेल तर वीस अंशांतही दात वाजतात, बोटं बधिर होतात आणि क्लच सोडायला अर्धा सेकंद उशीर होतो. चिठ्ठीवरची शेवटची ओळ त्यासाठीच. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालणं ही जुन्या लोकांची युक्ती आजही चालते.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचं डांबर दिसत नसेल, तर गाडी घालायची नाही. पुढचा गेला म्हणून तर अजिबात नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर बटण दाबत बसू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर आतलं काहीतरी वाकेल. ढकलत बाहेर काढा, प्लग खोलून बघा. पाण्यातून गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवून घ्या, विशेषतः ड्रम ब्रेक असेल तर.

खाली कोकणात

साखरपा आलं की पाऊस कोमट होतो आणि रस्ता लाल. जांभ्याचा चिखल काळ्या मातीसारखा चिकटत नाही, पण त्यातली गोल खडी चाकाखाली मण्यांसारखी फिरते. पालीपासून हातखंब्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्गाची जड वाहनं भेटतात, उतारावर त्यांच्या पुढे राहू नका, जाऊ द्या त्यांना.

मुक्कामी गाडी मऊ जमिनीवर लावली तर स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर सकाळी आडवी सापडेल. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि रात्री एकदा बदला. खाऱ्या हवेने चेन एका रात्रीत तांबूस होते, झोपण्यापूर्वी तेल.

परतताना

पहिल्या दिवशी कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी पहाटे कोल्हापूर सोडून दुपारच्या आत मंगळवेढा. आता सूर्य तुमच्या डोळ्यांत. हेल्मेटच्या काचेवर वरच्या कडेला काळ्या चिकटपट्टीची दोन बोटं रुंद पट्टी लावा. मान किंचित खाली केली की सूर्य झाकतो आणि रस्ता दिसतो. घर जवळ आलं की माणूस सैल पडतो. तिऱ्ह्याच्या पुलापासून घरापर्यंतचे शेवटचे किलोमीटर मी मुद्दाम साठच्या खाली येतो.

घरी आल्यावर अंघोळ आधी गाडीची. खारं वारं लागलेलं असतं, त्यामुळे साध्या पाण्याने सावकाश धुवा, चेन रॉकेलने किंवा डिझेलने साफ करून वाळल्यावर तेल द्या, आणि मडगार्डच्या आत हात घालून बघा. वर काळी माती असते, तिच्या आत लाल. त्याच दिवशी काढा, वाळली की स्क्रूड्रायव्हरने खरवडत बसावं लागतं.